खळीचा दोरा

पाठपिशवी विकत घेताना माणूस तिची पुढची बाजू पाहतो. तिथे खिसा असतो, बक्कल असते, कधी एखादी रंगीत फीत असते. यांतली एकही गोष्ट ओझे पेलत नाही. ओझे पेलले जाते मागे, पट्टा जिथे पाठीकडच्या कापडाला मिळतो त्या चार बोटे जागेवर. ती शिवण जशी, तशी पिशवी.

हे मला चांगले माहीत होते. तरीही मी एक पिशवी चुकीची शिवली. ती कोणाच्या पाठीवर होती आणि त्या पाठीखाली कोण काम करत होते, ते लिहून ठेवतो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षे झाली होती. बारामतीत माझे ताडपत्री शिवण्याचे दुकान होते. मालमोटारींची आच्छादने, बैलांच्या झुली, तंबूंची डागडुजी, अशी कामे येत. महायुद्धातले तंबू लष्कराने विकायला काढले होते आणि त्यांचा जाड कॅनव्हास पुण्याच्या जुन्या बाजारात वजनावर मिळे. त्यातून मी पाठपिशव्या शिवू लागलो. फौजेतून परतलेले लोक तिला पिट्टू म्हणत.

काम मी इंदापुरात शिकलो. तिथे खोगिरे आणि तंबू शिवणारे एक मुसलमान उस्ताद होते. ते बेताचे बोलत आणि बोलले की टोचून बोलत. मी एकदा कोणाचीशी पिशवी हातात घेऊन न्याहाळत होतो.

"भाईरून काय बघतोस, नवरी हाय का ती?" ते म्हणाले. "उलटी कर. आत हात घाल. शिवणारा काय लपवायचं ते आत लपवतो."

त्यांची रीत अशी होती. पट्ट्याचे कापड कापताना उभा धागा पट्ट्याच्या लांबीत आला पाहिजे. आडवा आला तर पट्टा ताणतो आणि ओझे कमरेवर उतरते. खांद्यावर पट्टा चार बोटे रुंद आणि दुहेरी असावा, मधे जुन्या खोगिराचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, घालावा. पट्ट्याची वरची टोके पिशवीच्या काठावर कधी शिवू नयेत. काठाच्या खाली, आतून चामड्याचा तुकडा लावून, चौकोनात टाके घालावेत आणि चौकोनात फुली मारावी. दोन्ही टोकांत मानेइतकेच अंतर ठेवावे. जास्त ठेवले तर पट्टे खांद्यावरून घसरतात. पिशवीचा तळ कमरेच्या वर राहावा. घेणाऱ्याने ती रिकामी घालून पाहू नये. दुकानातली वजने भरून दुकानाभोवती दोन फेऱ्या माराव्यात, मग ठरवावे. आणि शिवणाऱ्याने विकण्यापूर्वी ती भरून एका पट्ट्यावर दिवसभर टांगून ठेवावी.

दोऱ्याला ते सर्वांत जास्त जपत. सुताचे पाच पदर पिळून केलेला दोरा मधमाशीच्या मेणातून ओढायचा. मेणात थोडी राळ. मेणाने दोऱ्यात पाणी शिरत नाही आणि टाका जागचा हलत नाही. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि आरीने पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी शिवायचे, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो. मेणाऐवजी दुसरे काही चालेल का, असे मी त्यांना कधी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. सांगायची गरज वाटली नसेल.

माझी धाकटी बहीण कऱ्हाटीकडे दिली होती. तिचे यजमान विहिरी खोदणाऱ्या टोळीचे म्होरके होते. त्यांना मी दाजी म्हणे. तो भाग जिरायती. मुरूम संपला की काळा दगड लागतो आणि तो छिन्नी-हातोड्याने फोडावा लागतो. छिन्न्यांची धार एका प्रहरात जाते. दाजी बोथट छिन्न्या गावातल्या लोहाराकडे नेत, शेकून धार लावून आणत आणि त्या घेऊन विहिरीत उतरत. विहिरीच्या कडेला दगडात पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या पाडलेल्या असत आणि वरून एक दोर सोडलेला असे. उतरायला दोन्ही हात लागत. छिन्न्या ते धोतराच्या टोकात बांधून गळ्यात अडकवत.

माती-दगड वर ओढणारी लाकडी यारी होती, तिच्या पाटीतून छिन्न्या का सोडत नाही, असे मी त्यांना विचारले होते.

"पाटी भितीला आपटती, तिरकी व्हती," ते म्हणाले. "धारंचं लोखंड खालच्यांच्या डोक्यावर लोंबकळत न्हाय सोडायचं. पाठीवर असलं म्हंजी आपल्या ताब्यात."

खाली तीन माणसे असत. त्यांतला एक दाजींचा धाकटा भाऊ.

त्या वर्षी पावसाळ्यात अधिक महिना आला. अधिकात जावयाला वाण द्यायचे असते. वडील नव्हते, तेव्हा देणे माझ्याकडे होते. आईने अनारसे केले. मी ठरवले की कापडचोपडाबरोबर दाजींना एक पाठपिशवी द्यायची, छिन्न्यांसाठी म्हणून मुद्दाम शिवलेली. कापड उत्तम निवडले. चामडे उत्तम निवडले. मेण मात्र संपले होते. पावसात मध काढणारे फिरकत नाहीत. बाजारात चौकशी केली, कोणाकडे नव्हते. इंदापूरला जाऊन उस्तादांकडून आणता आले असते, पण महिना सरायला चार दिवस उरले होते आणि वाण महिन्याच्या आत द्यावे लागते.

माझ्या दुकानामागे घोंगडी विणणारे एक घर होते. ते ताण्याच्या उभ्या धाग्यांना चिंचोके शिजवून केलेली खळ लावत. खळ दिलेली घोंगडी पावसात अंगावर घेतली तर माणूस कोरडा राहतो, हे आमच्या भागात प्रत्येकाने अनुभवलेले असते. मी विचार केला की जी खळ घोंगडीला चालते ती दोऱ्याला का चालणार नाही. वाटीभर खळ मागून आणली. दोरा तीतून ओढला आणि वाळवला. तो तारेसारखा ताठ झाला, आरीच्या भोकातून सुईशिवाय जाऊ लागला. मला माझ्या युक्तीचे समाधान वाटले. पाऊस परतवते ती लोकर, खळ नव्हे, एवढी साधी गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही. त्याच दोऱ्याने मी त्या आठवड्यात दोन पिशव्या शिवल्या. एक दाजींची, दुसरी सणसरच्या कालव्यावर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची. पिशवी दिवसभर टांगून ठेवण्याइतका वेळ नव्हता.

माघात एका सकाळी तो पाटकरी दुकानात आला. पिशवी त्याच्या काखेत होती, पट्टा निराळा हातात.

"घ्या," त्याने दोन्ही वस्तू माझ्यापुढे टाकल्या. "तुमच्या पिशवीनं माझी भाकर कालव्यात टाकली. मासं जेवलं, मी उपाशी."

"ओढलीत का कशाला अडकवून?"

"ओढतोय कशाला? कालव्याच्या भितीवरून चाललो व्हतो. पाठीवर भाकर, कालवण आन किल्ल्या. तेवढ्यानं सुटली. किल्ल्या हाताला लागल्या म्हून बरं, न्हायतर नोकरी गेलीच व्हती."

मी पिशवी उलटी केली. चौकोन होता, फुली होती, टाके एका रांगेत होते. त्यांतला एक नखाने उचलला. दोऱ्याचा भुगा बोटाला लागला. खळ पावसाळ्यात ओली होऊन आंबली होती आणि दोरा तिच्याबरोबर कुजला होता. काही टाके झुरळांनी खाल्ले होते. बाहेरून हे काहीच दिसत नव्हते. पाटकरी काही बोलत होता. मी ऐकत नव्हतो. दाजींची पिशवी त्याच दोऱ्याची होती. भाकरीऐवजी तीत डझनभर छिन्न्या असत.

दाजी दिवसातून दोनदा छिन्न्या घेऊन उतरत, सकाळी आणि जेवणानंतर. सकाळची वेळ टळून गेली होती. दुपारची गाठता येत होती. मी पाटकऱ्याला दुसरी पिशवी दिली, मेणाचा गोळा, दोरा, आरी, सुया आणि चामडे कापायची रापी एका फडक्यात बांधली आणि सायकल काढली.

मोरगावच्या रस्त्याने कऱ्हाटी दहा कोस नाही, पण त्या दिवशी वारा समोरून होता. बागायत मागे पडली, ऊस संपला, कुसळांचे माळ लागले. मी हिशेब करत होतो. लोखंड किती जड, पट्टे किती महिने वापरात, दाजींच्या घरात पावसाचे पाणी झिरपते की नाही. झिरपते, हे मला ठाऊक होते. त्या भिंतीला बहीण दर वर्षी लिंपण करी. पिशवी कोणत्या खुंटीला असते ते आठवत नव्हते. आठवून उपयोग नव्हता, तरी मी ते आठवत राहिलो. समोरून कऱ्हाटीकडचा कोणी माणूस घाईने येताना दिसला की माझे पाय मंदावत. दोघे-तिघे असे आले. एकही थांबला नाही. तेवढ्यावरून सकाळ निभावली असावी, असे मी ठरवले.

विहीर गावाबाहेर, कऱ्हेच्या अलीकडे होती. सात परस खोल गेली होती. हात वर करून उभी राहिलेली सात माणसे एकावर एक ठेवावीत एवढी. मी पोहोचलो तेव्हा यारीवर दोघे बसले होते. दाजींचे डोके विहिरीच्या काठाखाली नुकतेच गेले होते.

मी काठाशी वाकून पाहिले. ते चौथ्या-पाचव्या खोबणीवर होते. पाठीवर पिशवी, दोन्ही पट्टे ताणलेले. तळाशी तिघे पाठ वाकवून दगड फोडत होते, बरोबर दाजींच्या खाली.

"काय पाव्हणं, सायकल दामटत आला?" यारीवरचा एक म्हणाला. "कोन गेलं काय?"

मी त्याला हाताने गप्प केले. हाक मारावी तर दाजी वर पाहणार, एखादा हात सुटणार, ओझे एका खांद्यावर जाणार. हाक न मारावी तर खालचे तिघे तिथेच राहणार. पाटी वर निघताना यारीवाला एक ठरलेली हाळी देतो आणि ती ऐकली की खालची माणसे कपारीत सरतात, हे मी पूर्वी पाहिले होते.

"पाटीची हाळी द्या," मी हलक्या आवाजात म्हणालो.

"पाटी भरली न्हाय अजून."

"तरी द्या."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि हाळी दिली. खालचे तिघे हातोडे टाकून कपारीत सरले. पण दाजीही थांबले. उतरताना पाटी निघाली तर भिंतीला चिकटून उभे राहायचे, हा त्यांचाच नियम होता. ते दोर धरून मधेच थांबले आणि पाटीची वाट पाहू लागले. पाटी हलली नाही. पिशवी त्यांच्या पाठीवर तशीच लोंबत राहिली. जेवढा वेळ ते थांबले तेवढा वेळ तो दोरा ताणलेला राहिला, आणि तो वेळ मी वाढवला होता.

"आरं पाटी कुठं हाय?" खालून दाजींचा आवाज आला.

यारीवाला माझ्याकडे पाहू लागला. मी मानेनेच नको म्हटले. "चुकून वरडलो," तो खाली म्हणाला. "जावा खाली."

"दिसाढवळ्या पिऊन बसलायसा काय?" दाजी म्हणाले आणि पुन्हा उतरू लागले. शेवटची खोबणी, मग तळ. त्यांनी पिशवी उतरवून दगडावर ठेवली. मी काठावर बसलो.

ते वर आले ते रिकामी पिशवी घेऊन. मला पाहून हसले.

"अवेळी? सासूबाई बऱ्या हायत न्हवं?"

"आई बरी आहे. दाजी, ती पिशवी मला परत द्या."

यारीवरचे दोघे हसू लागले. "आयला, धोंड्याचं वाण मागायला आलंय पाव्हणं," एक म्हणाला. "अनारसं खाल्लं असतील तेबी द्या माघारी."

दाजी हसले नाहीत. वाण दिलेले परत मागत नाहीत आणि घेतलेले परत करत नाहीत. मी ते मागत होतो, तेव्हा त्यामागे काही असले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी पिशवी काढून दिली. मी उलटी केली. डाव्या पट्ट्याच्या चौकोनावर सुतळीचे जाड, वाकडेतिकडे टाके होते. दाभणाने घातलेले. माझे नव्हते.

"हे कोणी शिवलं?"

"तुमच्या बहिणीनं," दाजी म्हणाले. "पंधरा दिस झालं. सैल पडल्यागत वाटलं म्हून तिला दावलं. तिनं शिवलं आन म्हनली, दादाला कळू देऊ नका, वाईट वाटंल."

"आणि तुम्ही वापरत राहिलात?"

"मग काय करू? वाण हाय. भाईर टाकून दुसरी घेतली तर तुमचं नाक कापल्यागत व्हईल. उजवा बरा व्हता."

मी उजव्या पट्ट्याखाली अंगठा घातला आणि दाबला. शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडली. जोर लावावा लागला नाही. पट्टा माझ्या हातात आला.

यारीवरचे हसायचे थांबले. दाजींनी पट्टा घेतला, उघडलेली भोके पाहिली आणि मग विहिरीत पाहिले. खाली हातोडे पुन्हा सुरू झाले होते. धाकटा भाऊ कोणत्या बाजूला आहे ते वरूनही कळत होते. त्याचा ठोका इतरांपेक्षा जलद पडे.

"मेण मिळालं नव्हतं," मी म्हणालो. "खळ लावली. चूक माझी."

त्यांनी पट्टा माझ्या हातात परत दिला.

मी तिथेच बाभळीखाली बसून दोन्ही पट्टे उसवले. बहिणीची सुतळी कापताना रापी थांबली. तेवढेच टाके पक्के होते. पण एका पट्ट्याला सुतळी आणि एकाला दोरा ठेवता येत नाही, ताण सारखा पडत नाही. कापली. दोऱ्याचे पाच पदर पिळले, मेणातून तीनदा ओढले. सकाळच्या सायकलीने बोटे आखडली होती. चौकोन, फुली, पुन्हा चौकोन. दाजी शेजारी उकिडवे बसून प्रत्येक टाका पाहत होते. गिऱ्हाइकाने असे पाहिलेले मला आवडत नसे. त्या दिवशी मी पाहू दिले.

शिवून झाल्यावर पिशवीत दगड भरून ती यारीच्या खांबाला एका पट्ट्यावर टांगली. मग दुसऱ्या. दिवसभर टांगायला हवी होती, तेवढा वेळ याही वेळी नव्हता. उन्हे कलली होती आणि धार लावलेल्या आणखी आठ छिन्न्या वर पडून होत्या. खालून त्यांची मागणी आली होती.

दाजींनी दगड काढले, छिन्न्या आत ठेवल्या, तोंड आवळले. मग पिशवी माझ्यापुढे धरली.

"ही खेप तुमी न्या."

"मी कधी उतरलो नाही."

"ठावं हाय मला."

यारीवरचा एक म्हणाला, "राहू द्या की, पाव्हणं हायत, पाय घसरंल."

"घसरला तर दोर हाय," दाजी म्हणाले. ते माझ्याकडेच पाहत होते. रागाने नव्हे. रागाने पाहिले असते तर मी कदाचित नाही म्हणालो असतो.

मी पिशवी पाठीवर घेतली. आपली पिशवी भरून आपल्याच पाठीवर घेण्याची ही माझी पहिली वेळ. वजन वर, पाठीला चिकटून बसले होते. तळ कमरेच्या वर होता. पट्टे मानेजवळ होते. सगळे जिथे असायला हवे तिथे होते आणि तरीही माझे सारे लक्ष त्या दोन चौकोनांवर होते, जे मला दिसत नव्हते. मी पहिल्या खोबणीत पाय घातला.

दगड ओला होता. दोर तळव्याला कापत होता. प्रत्येक खोबणीला मी थांबून कान देत होतो. दोरा सुटताना आवाज होतो का, हे मला माहीत नव्हते. निम्म्यावर आल्यावर मी खाली पाहिले. दोघे कपारीत सरले होते. दाजींचा धाकटा भाऊ सरला नव्हता. तो माझ्या सरळ खाली उभा राहून तळहातावर तंबाखू मळत होता.

"कडेला व्हा," मी म्हणालो.

"कशापायी?"

"पिशवीत लोखंड आहे."

"ठावं हाय की. माझंच हाय ते." त्याने चुना लावला. "आन पिशवी तुमीच शिवलीया न्हवं?"

त्याला वर काय घडले ते कोणी सांगितले नव्हते. मी सांगायला हवे होते. त्या जागी, दोन्ही हातांनी दोर धरून, मला ते सांगता आले नाही. तो हलेपर्यंत थांबावे, की लवकर उतरून संपवावे, याचा मी विचार केला. तो हलणार नव्हता. थांबलो तर ओझे ताणलेले राहणार होते. मी पुढची खोबणी पायाने चाचपली आणि उतरत राहिलो.

तळाला पाय लागले तेव्हा त्याने माझ्या पाठीवरून पिशवी काढून घेतली, छिन्न्या दगडावर ओतल्या, एकीची धार अंगठ्याने पाहिली आणि ठोका घालू लागला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मग त्याला सकाळची हकिकत सांगितली, पाटकऱ्याच्या भाकरीपासून. हातोडा न थांबवता त्याने ती ऐकली. संपल्यावर तो वर पाहून थोरल्या भावाला म्हणाला, "दादा, ह्येला हिकडं कशाला धाडला? घाबरून पांढरा पडलाय." वर चढायला मला बराच वेळ लागला.